कोंबडीचा कर

अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर दोन शेतकरी राहत होते. एक अमेरिकेत, दुसरा पश्चिम जर्मनीत. 1960 पर्यंत अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या कोंबड्या अंगणातून मोठमोठ्या शेडमध्ये गेल्या, मांस स्वस्त झाले आणि जहाजे भरून जर्मनीत उतरू लागले. तिथल्या गिऱ्हाइकांची चंगळ झाली. शेतकऱ्याला मात्र त्या भावात विकणे परवडेना. म्हणून 1962 मध्ये युरोपच्या सहा देशांनी बाहेरच्या कोंबडीवर जबर जकात बसवली. आता अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा माल अडला. पोटावर पाय दोघांच्याही आला होता आणि दोघांचीही सरकारे आपापल्या माणसामागे उभी होती. यात दुष्ट कोणीच नव्हता, म्हणूनच माघार कोणी घेईना.

अखेर दोन्ही बाजू गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या पंचांकडे गेल्या. पंचांनी अमेरिकेचे नुकसान 2 कोटी 60 लाख डॉलर ठरवले. हे त्यांनी फार मोलाचे काम केले, कारण रागाला माप मिळाले. डिसेंबर 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेवढी वसुली होईल अशा बेताने ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांवर जकात लावली. ट्रकवर 25 टक्के. रोख जर्मनीच्या फोक्सवॅगन गाड्यांवर होता. पण नियम सर्व देशांना सारखा, त्यामुळे पुढे जपानी ट्रकही त्यात अडकले. जर्मनीत एकही कोंबडी न विकलेल्या त्या जपानी कामगाराचे मला फार वाईट वाटते.

जकात किती, हे ठरले होते. ती उठणार कधी, हे कोणी लिहिले नव्हते. बाकी तीन वस्तूंची सुटका झाली, ट्रकची झाली नाही; कारण तोवर अमेरिकेतल्या ट्रक बनवणाऱ्यांना त्या आडोशाची सवय लागली होती. पुढे अमेरिकेचीच फोर्ड कंपनी ही जकात चुकवण्यासाठी परदेशात बनलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागची आसने बसवून त्या प्रवासी गाड्या म्हणून आणू लागली आणि बंदरात उतरल्यावर ती आसने काढू लागली. 2024 मध्ये 36 कोटी 50 लाख डॉलर भरून तिने त्यावरून सरकारशी झालेला वाद मिटवला.

केळ्यांवरून युरोपचे लॅटिन अमेरिकी देशांशी आणि अमेरिकेशी असेच दीर्घ भांडण झाले. 2009 च्या जिनिव्हा करारात मात्र टनामागची 176 युरोंची जकात 114 वर कशी आणायची, त्याचे टप्पे आधीच लिहून ठेवले. 2012 मध्ये त्या भांडणातले खटले बंद झाले.