उतारशाळेचा रखवालदार

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील बापलेक मला भेटावयास आले. लेक हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेऊन चार वर्षे मुंबईतील एका हॉटेलात नोकरी करीत होती. आता तिला त्याच विषयातील पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला जायचे होते आणि त्यासाठी घरची वाडी गहाण टाकावी लागणार होती. बाप संतापून म्हणाला, "फादर, लोकांची उष्टी काढायला हिने आणखी किती शिकायचे?" मी मान डोलावली. खरे सांगायचे तर माझेही मत फारसे वेगळे नव्हते. एवढ्यात आमचा वयस्क आचारी चहा घेऊन आला. आम्ही दोघे बोलतच राहिलो; ती मुलगी मात्र उठली, "द्या काका, मी ठेवते," म्हणून तिने त्याच्या हातातला ट्रे घेतला. निघताना ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, पगारासाठी हसणे हे खोटे बोलणेच आहे का?"

मी त्यांना पुढच्या रविवारी मिस्सानंतर यावयास सांगितले. बापाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार आहे, असे मला वाटत होते. लेकीच्या प्रश्नाचे नव्हते. आठवडाभर विचार केल्यावर ध्यानी आले, की तयार वाटणारे उत्तरच चुकीचे होते.

वाचकहो, हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन कुळातले. त्यांच्या मुळाशी असलेला 'होस्पेस' हा शब्द पाहुणा आणि यजमान या दोघांनाही लागू पडतो. या कामाला शिक्षण लागते, हेही काही आजचे खूळ नव्हे. लोझान येथील हॉटेल-विद्यालय १८९३ साली सुरू झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हा विषय १९२२ पासून शिकविला जातो. आणि आपल्या मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली अशी संस्था उभी राहिली. पदव्युत्तर वर्गात ताटे उचलण्याचे धडे नसतात. हंगामाप्रमाणे खोल्यांचे दर कसे ठरवावेत, भांडवल कसे उभारावे, शेकडो कामगारांच्या पाळ्या कशा लावाव्यात, हे तेथे शिकावे लागते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतील त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे, हा त्याचा गाभा सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच अध्यायात पाहुण्यांच्या स्वयंपाकघरासाठी कामात तरबेज असलेले दोन बंधू वर्षभरासाठी नेमावेत, गरज पडल्यास त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असेही सांगितले आहे. ज्या संताने आतिथ्याला उपासनेचे मोल दिले, त्यानेच त्याची व्यवस्थाही इतक्या बारकाईने लावली. उष्टी काढणे हलके, हा समज मी आणि त्या बापाने कोठून घेतला कोण जाणे. ख्रिस्तसभेने तरी तो आम्हाला दिलेला नाही.

आता लेकीचा प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'त सौजन्याला स्वतंत्र सद्गुण मानून न्यायाच्या पंक्तीत बसविले आहे. अनोळखी माणसाशी मित्रासारखे वागणे हे ढोंग नव्हे काय, ही शंका त्यांनीही घेतली आहे. त्यांचे उत्तर असे, की माणूस माणसाचा स्वभावतःच एका सर्वसाधारण अर्थाने स्नेही असतो आणि सौजन्याने तेवढाच स्नेह प्रकट होतो. जिवलग मैत्रीचा दावा त्यात नसतो, म्हणून ते खोटे ठरत नाही. हॉटेलातील पाहुण्यालाही ठाऊक असते, की समोरची मुलगी आपली बहीण नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा तेथील अनेक कर्मचारी पाहुण्यांना वाचविण्यासाठी मागे राहिले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. एवढे कोणत्याही पगारात बसत नाही.

मात्र दुसरी बाजूही आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली दाखवून दिले, की भावना हाच जेव्हा नोकरीचा माल होतो, तेव्हा माणूस आपल्याच भावनेला परका होऊ शकतो. पदव्युत्तर पदवी घेणारी मुलगी उद्या व्यवस्थापक होईल. मग स्वतःच्या हसण्याबरोबर इतरांचे हसणेही तिच्या हुकमात येईल. दिवसभर उभे राहून पाय सुजलेल्या मुलाला ती हसावयास लावील, की आधी बसावयास खुर्ची देईल? तिच्या विद्येची खरी परीक्षा तेथे आहे. संत बेनेडिक्टही म्हणतात, की गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्या. श्रीमंतांचा दरारा त्यांचा मान आपोआप राखून घेतो.

येशूच्या दाखल्यातील दयाळू शमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो. तेथे लूकने योजिलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सर्वांना घेणारे घर' असा होतो. शमरोनी रखवालदाराला दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडीन म्हणतो. आपण प्रवचनांत शमरोन्याची थोरवी गातो, रखवालदाराला विसरतो. त्याने पैसे घेतले. तरीही जखमी माणसाची पुढची शुश्रूषा त्याच्याच घरी व्हायची होती. शमरोन्याची दया तडीस जाण्यासाठी दारात असा एक भरवशाचा, आपले काम जाणणारा माणूस लागला.

रविवारी बापलेक आले. वाडी गहाण टाकावी की नाही, हे मी सांगितले नाही. कर्जाचे ओझे खरे असते आणि ते उचलणाऱ्यानेच तोलावे. एवढेच म्हणालो, की नकार द्यायचा तर कर्जापायी द्या, काम हलके आहे म्हणून देऊ नका. मुलीला म्हणालो, "बाळ, त्या संध्याकाळी आचारीकाकांच्या हातातला ट्रे तू घेतलास, त्याचा पगार तुला कोणी दिला नव्हता. ते शाबूत राहील तोवर तुझे हसणे खोटे नाही."

बाप बराच वेळ गप्प होता. मग त्याने व्याजाचा दर विचारण्यासाठी बँकेत कधी जावे, असे लेकीला विचारले. ती दोघे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. नऊ वर्षे आमच्यासाठी रांधणाऱ्या त्या माणसाला, तो स्वतः किती वाजता जेवतो, हे मी त्या दिवशी प्रथमच विचारले.