न आढळणे आणि नसणे

एखादी वस्तू नाही हे कशावरून कळते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत मोठा वाद झाला असून भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धि’, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. या प्रमाणाला मात्र एक कडक अट आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. उजेडात न दिसलेला घट तेथे नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. पाण्यातील रासायनिक प्रदूषके ठरावीक यादीनुसार तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा ‘आढळले नाही’ हा शेराही याच अटीवर पारखावा लागतो, कारण यादीबाहेरचे तिला दिसतच नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या सागरी खाडीला मिळणाऱ्या शहरी ओढ्यांत, समुद्रातून परतलेले कोहो सॅल्मन मासे पावसानंतर अंडी घालण्याआधीच मरत असल्याचे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून दिसत होते. कीटकनाशके, धातू, रोग, प्राणवायूची कमतरता या ज्ञात कारणांपैकी एकानेही उलगडा होईना. अखेर २०२० मध्ये संशोधकांनी यादी बाजूला ठेवून माशाच्या मरणाचाच माग काढला, आणि टायरच्या झिजेतून सुटणारी सुमारे दोन हजार रसायने चाळत ते ६पीपीडी-क्विनोनपर्यंत पोहोचले. ६पीपीडी हे रबराला ओझोनपासून जपण्यासाठी मिसळले जाते. ओझोनशी त्याची अभिक्रिया होऊन क्विनोन तयार होते, आणि एका लिटरमध्ये शंभर नॅनोग्रॅमइतके (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश) ते असले तरी कोहोंपैकी निम्मे मरू शकतात. कोणी मुद्दाम न बनवलेला हा पदार्थ कोणत्याही यादीत असणार तरी कसा?

येथे ज्ञानाचा प्रश्न धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा, होतो. मोटार चालवणाऱ्या कोणाचाही हेतू मासे मारण्याचा नव्हता. पण ‘ठाऊक नव्हते’ ही सबब पाहण्याची सोय केलेल्यालाच शोभते. या किनाऱ्यावरील अनेक आदिवासी समाज हंगामातील पहिल्या सॅल्मनचे पाहुण्यासारखे स्वागत करून त्याच्या अस्थी पाण्याला परत देतात. त्या आचारात नदी निर्धोक राखण्याचे दायित्व यजमानाकडे येते, आणि ते हेतूवर अवलंबून नसते. युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लालम या जमातींनी २०२३ मध्ये टायरमधील ६पीपीडीवर बंदीची मागणी संघराज्याच्या पर्यावरण संस्थेकडे केली व ती विचारार्थ स्वीकारली गेली. मात्र पर्यायी रसायन निवडताना ते मूळ रूपात निरुपद्रवी ठरणे पुरेसे नाही. हवेत आणि रस्त्यावर त्याचे काय होते, तेही तपासावे लागेल.