पंचांगातला शनी आणि आकाशातला

संकष्टीला मुंबईची चंद्रोदयाची वेळ धरून कुणी हिंगोलीत बसलं, तर त्याचा उपास विनाकारण लांबतो. हिंगोली मुंबईच्या पूर्वेला सव्वाचार अंशांवर आहे, म्हणून इथे चंद्र १७-१८ मिनिटं आधी उगवतो; घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. आत मोदक झाकून ठेवलेले आणि बाहेर चंद्र दोन बोटं वर आलेला. गच्चीवर जाऊन पाहायचं सोडून आपण छापलेल्या आकड्याकडे पाहत बसतो.

ग्रहांच्या बाबतीत तर हे फारच झालं आहे. शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या दहा जणांना आकाशातला शनी दाखवा म्हणावं, एकाचंही बोट वर जाणार नाही. साडेसातीची मात्र सगळ्यांना धास्ती. ही साडेसात वर्षं आली कुठून? शनीला राशिचक्राची फेरी पुरी करायला जवळजवळ ३० वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम अडीच वर्षांचा. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, असे तीन मुक्काम झाले की साडेसात. या ठिपक्याची संथ चाल कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या डोळ्यांनी मोजली होती. मोजणारे गेले, त्यांचं निरीक्षण विसरलं गेलं, आणि आपल्या वाट्याला तेवढी भीती आली.

म्हणून पंचांग फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. उलट या आठवड्यात तेच घेऊन अंगणात या. शनी, गुरू, मंगळ कोणत्या राशीत आहेत ते त्यात असतं. चंद्र ज्या दिवशी त्या राशीत शिरेल, त्या रात्री त्याच्या आसपास न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका शोधायचा. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळसर. तो ग्रह सूर्याच्या फार जवळ असेल तर दिसणार नाही, एवढंच. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. महिन्याभरात तो प्रत्येक ग्रहाच्या दारावरून जातो, यापेक्षा चांगला वाटाड्या कोण? खुद्द चंद्र पाहायचा असेल तर मात्र पौर्णिमा टाळावी. समोरून ऊन पडल्यावर सगळं सपाट दिसतं. सप्तमी-अष्टमीला साध्या दुर्बिणीतूनही उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सावल्यांसकट उठून दिसतात. त्याच दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्रही दिसतात, गॅलिलिओने १६१० साली पाहिले तेच.

यासाठी वेगळी सवड काढायची गरज सगळ्यांनाच नाही. ज्यांच्या शिवारात रात्रीची लाईट आहे, ते गहू-हरभरा भिजवायला बॅटरी घेऊन बांधावर असतातच. तिकांडं, म्हणजे मृगातले तीन तारे, किती कललं यावरून रात्र ओळखणारे म्हातारे अजून गावोगाव आहेत. मोबाइल खिशात असलेल्या पोराला ते येत नाही, आणि त्याला नावं ठेवून उपयोग नाही; त्याला कुणी दाखवलंच नाही.

आणि याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली लहर पहिल्यांदा टिपली, पण ती आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे नीट सांगता आलं नाही. दूरवरचं आणखी एक यंत्र जोडीला आलं की दिशा पक्की होते. म्हणजे हजारो कोटींचा खटाटोप शेवटी आकाशात बोट दाखवण्यासाठीच.

गंमत अशी की या यंत्रांना चंद्राची अडचण होते. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्रासारखी जमीनही किंचित ताणली जाते, आणि चार किलोमीटर लांबीच्या भुजांमधला तो मिलिमीटरहूनही बारीक फरक सतत दुरुस्त करत राहावा लागतो. दुधाळ्यातही चंद्राचा हा हिशेब रोज ठेवावा लागेल.