आमटी घट्ट की पातळ?

हल्लीच्या कथांमधल्या माणसांना दुःखं भरपूर असतात. बापाशी पटत नाही, नोकरी गेलेली असते, संसार मोडकळीला आलेला असतो. पण त्यांना आमटी घट्ट आवडते की पातळ, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. लेखकालाही ते ठाऊक नसावं, असा मला दाट संशय आहे. मग ती माणसं कितीही रडली तरी आपण कोरडेच.

पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा घ्या. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून रत्नागिरीचा हा म्हातारा लोकांच्या ओळखीचा झाला असावा. त्याची जीभ तिखट. नकला करणाऱ्यांनी तेवढंच उचललं. निव्वळ तिरकसपणावर फार तर एक विनोदी पात्र उभं राहतं. पण बायको गेल्यावर दारचा हापूस मोहरला नाही, हे तो बोलता बोलता सांगून टाकतो, तिथे तो पुरता माणूस होतो. वर्षानुवर्षं त्या मोहराकडे डोळे लावून बसण्यात त्याचं सुख असणार. ते आपल्याला दिसतं, म्हणून त्याच्या एकटेपणाबद्दल लेखकाला वेगळं काही लिहावं लागत नाही.

चि. वि. जोशी तर बडोद्यात पाली शिकवत, संस्थानचं दफ्तर सांभाळत. एवढा व्यासंगी माणूस आपल्या विनोदी कथांमधल्या चिमणरावाच्या फजितीत रमला! घरातली धांदल, पाहुणे, गुंड्याभाऊचा आडदांडपणा हे सगळं त्यांना मनापासून गमतीचं वाटत होतं. वरून पाहणाऱ्याला असा चिमणराव लिहिता आला नसता. त्याच्या हातून फक्त टिंगल झाली असती. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) मुलूख दुष्काळी आहे, दारिद्र्य तर पानोपानी. तरी त्यातलं कुणीही दारिद्र्याचा नमुना म्हणून आपल्यासमोर येत नाही.

असं पाहायची सवय घरबसल्या लागत नाही. मंडईत एक आजोबा भेंडी घेत होते. प्रत्येक भेंडीचं टोक मोडायचे, तेही कानाशी नेऊन. कट्‌कन आवाज आला की भेंडी टोपलीत, नाही तर बाजूला. भाजीवाली करवादली, “मोडलेल्या पण घ्याव्या लागतील हां, आजोबा!” त्यांनी मान डोलावली आणि पुढची भेंडी कानाशी नेली. पाव किलो भेंडीला पाऊण तास! त्यांना घरी कुणी विचारत नाही, असं लिहून कथा उरकता येईल. मला मात्र तो कान सोडवत नाही.

यावर कुणी जी. ए. कुलकर्णींचं नाव काढेल. त्यांच्या कथांत कुठला आलाय आनंद? पण नियती ज्यांच्यावर तुटून पडते, त्यांची एखादी साधी, घरगुती हौस जी. ए. आधी नीट जपून दाखवतात. ती नसती तर घावही बसला नसता.

नवे लेखक पात्रांची टिपणं काढतात, तेव्हा वय, शिक्षण, जात, बालपणीचा आघात असे रकाने आखतात. त्यात मी एक रकाना वाढवीन: दुपारी वीज गेली, फोनची बॅटरी उतरली आणि घरात कुणी नाही, तर हा काय करतो? डबे उघडून दाणे शोधतो, की जुनी बिलं लावत बसतो? तो दाणे शोधत असेल, तर भाजलेले की कच्चे, तेही लिहा.