सीझरच्या पायावर पडलेली शस्त्रं

'अ‍ॅस्टेरिक्स' या फ्रेंच चित्रकथामालिकेतल्या 'अ‍ॅस्टेरिक्स द गॉल' या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच पानावर फ्रान्सच्या प्राचीन इतिहासातला सर्वांत मोठा पराभव येऊन जातो. साल इसवी सनपूर्व ५२. अलेझियाचा वेढा संपला आहे आणि गॉल टोळ्यांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स ज्युलियस सीझरपुढे शस्त्रं टाकतो आहे. हा प्रसंग फ्रेंच मुलांच्या मनावर कसा ठसलेला होता, हे लिओनेल रॉयेरच्या १८९९ सालच्या तैलचित्रावरून कळतं : पांढऱ्या घोड्यावर ताठ बसलेला पराभूत वीर, समोर उच्चासनावर सीझर, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर पडलेली शस्त्रं. अल्बेर उदेर्झो यांनी काढलेल्या चौकटीत ती शस्त्रं सीझरच्या पायांपुढे पडत नाहीत. ती थेट त्याच्या पावलांवर आदळतात आणि जगज्जेता कळवळून ओरडतो.

अ‍ॅस्टेरिक्सवर इतकं लिहिलं गेलं आहे, पण या चौकटीशी फारसं कुणी थांबत नाही. सगळा गॉल जिंकला गेला तरी एक चिमुकलं गाव शरण जात नाही, या सूत्रामुळे ही मालिका म्हणजे फ्रेंच राष्ट्राभिमानाची गोड गोळी, असा समज पक्का झाला आहे. मला तो पटत नाही. लेखक रने गोसिनी आणि उदेर्झो यांनी त्या अभिमानातून वंशाचा दर्प काढून टाकला आणि मगच तो वाचकाच्या हाती दिला. हे काम सोपं नव्हतं, कारण मालिका सुरू झाली त्या १९५९पर्यंत 'आपले पूर्वज गॉल' या कल्पनेचा बराच वापर आणि गैरवापर होऊन गेला होता.

व्हर्सिंजेटोरिक्सला सीझरने सहा वर्षं कैदेत ठेवलं आणि इसवी सनपूर्व ४६मध्ये रोममधल्या विजययात्रेनंतर मारलं. पुढची अठरा शतकं त्याची फारशी कुणाला आठवण नव्हती. एकोणिसाव्या शतकाला राष्ट्रपुरुष हवा होता, तेव्हा तो पुन्हा वर काढला गेला. तिसऱ्या नेपोलियनने १८६५मध्ये आलीझ-सँत-रेन इथे त्याचा भव्य पुतळा उभारला. शिल्पकार एमे मिये याने त्या पुतळ्याच्या चेहऱ्यात सम्राटाच्या चेहऱ्याची छटा आणली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. नंतर प्रजासत्ताकाच्या शाळांनी हाच पूर्वज मुलांना दिला. १९४२मध्ये, देश जर्मनांच्या टाचेखाली असताना, मार्शल पेताँच्या सरकारने गेर्गोव्हीच्या पठारावर, म्हणजे व्हर्सिंजेटोरिक्सने जिथे सीझरला मागे रेटलं त्याच जागी, मोठा समारंभ केला. शरणागती पत्करलेल्या सरकारने प्रतिकाराच्या वीराला मानवंदना दिली. पूर्वज काही बोलू शकत नाही, म्हणून ज्याच्या हाती सत्ता असेल तो त्याला आपल्या बाजूने उभा करतो. चौकाचौकातले पुतळे आणि त्यांच्या नावाने चाललेलं राजकारण रोज पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग हा पूर्वज ज्यांनी पुन्हा लिहिला ते दोघे कोण होते? गोसिनी पॅरिसमध्ये जन्मले, पण वाढले ब्युनोस आयर्समध्ये. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. युद्धकाळात फ्रान्समध्ये राहिलेले आईचे भाऊ नाझी छळछावण्यांत मारले गेले. उदेर्झो हे इटालियन स्थलांतरितांचं पोर. 'पिलोत' साप्ताहिकासाठी काहीतरी अस्सल फ्रेंच हवं, म्हणून १९५९च्या उन्हाळ्यात उदेर्झो यांच्या बोबिन्यी इथल्या घरात दोघे बसले आणि तिथे अ‍ॅस्टेरिक्सची कल्पना सुचली. त्याच बोबिन्यीच्या रेल्वेस्थानकातून १९४३-४४मध्ये हजारो ज्यूंना आउशविट्झला पाठवलं गेलं होतं. वंशाच्या शुद्धतेची भाषा कुठवर नेते, हे गोसिनींच्या घराने भोगलं होतं. त्यांनी गॉल लिहिला तो हे सगळं मागे ठेवून, असं मानणं मला अशक्य वाटतं.

म्हणूनच गावकऱ्यांना अचाट बळ देणारा जादूचा काढा मला इतका महत्त्वाचा वाटतो. गावाचं बळ गावकऱ्यांच्या रक्तात नाही. गावाचा द्रुइड, म्हणजे पुरोहित, गेटाफिक्स कढईत वनस्पती उकळतो, रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला पळीभर देतो, आणि थोड्या वेळाने असर उतरतो. काढा संपला की हे लोक पुन्हा मासळीच्या ताजेपणावरून भांडणारे साधे शेजारी होतात. अ‍ॅस्टेरिक्स स्वतः बुटका, हडकुळा. त्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट, डोकं. काढ्याचा परिणाम कायम राहिलेला त्याचा मित्र ओबेलिक्ससुद्धा वंशाने थोर नाही, तो लहानपणी कढईत पडला इतकंच. 'मॅन्शन्स ऑफ द गॉड्स'मध्ये (१९७१) हाच काढा अ‍ॅस्टेरिक्स परदेशी गुलामांना देतो आणि त्यांच्याही अंगात तेवढंच बळ येतं. या काढ्याला जात किंवा देश विचारता येत नाही.

पूर्वजांच्या पवित्र वस्तूंचं काय होतं, ते 'चीफटन्स शील्ड'मध्ये (१९६८) दिसतं. व्हर्सिंजेटोरिक्सने टाकलेली ढाल सीझरला आता विजययात्रेसाठी हवी आहे, आणि तिचा शोध सुरू होतो. कळतं असं की एका रोमन सैनिकाने ती जुगारात घालवली, पुढे ती दारूच्या बदल्यात गेली, हातोहात फिरत राहिली. शेवटी सापडते ती गावाच्याच मुखियाच्या पायाखाली! व्हायटलस्टॅटिस्टिक्सला खांद्यावर मिरवताना भोई जी ढाल उचलतात, तीच ती. अलेझियाचा विषय निघाला की आर्व्हेर्नी टोळीच्या प्रांतातला प्रत्येक जण भडकतो आणि असं काही ठिकाण असल्याचं आपल्याला ठाऊकच नाही म्हणतो. गेर्गोव्हीच्या विजयाबद्दल मात्र सगळे भरभरून बोलतात. पराभव विसरायचा आणि विजय जपायचा, ही राष्ट्राच्या स्मृतीची रीत गोसिनींनी सरळ पानावर मांडली. पेताँच्या व्हिशी सरकारच्या आठवणी झाकून ठेवणाऱ्या त्या दशकातल्या फ्रान्समध्ये ते धाडसाचंच होतं.

मालिकेतल्या सर्वांत चांगल्या पुस्तकांमध्ये रोमन फौज हा खरा धोका नसतोच. फौजेला काढा पुरून उरतो. 'रोमन एजंट'मध्ये (१९७०) सीझर एकच माणूस पाठवतो, आणि तो काही न करता फक्त कुजबुजतो. गाव एकमेकांकडे संशयाने बघू लागतं. 'मॅन्शन्स ऑफ द गॉड्स'मध्ये जंगल तोडून रोमन इमारती उभ्या राहतात, तेव्हा पॅरिसभोवती त्या काळी वाढणाऱ्या वसाहती वाचकाच्या डोळ्यांसमोर येतात. तिथले रहिवासी गावात खरेदीला येऊ लागतात, मासळीचा भाव चढतो आणि बघता बघता घराघरात पुरातन वस्तूंची दुकानं लागतात. 'ओबेलिक्स अँड को.'मध्ये (१९७६) एक तरुण अर्थतज्ज्ञ, ज्याच्या चेहऱ्यात तेव्हाचे राजकारणी जाक शिराक सहज ओळखू येतात, ओबेलिक्स घडवतो ते उभे दगड चढत्या भावाने विकत घेत सुटतो. रानडुकरांच्या शिकारीला जायला आता ओबेलिक्सला वेळ नाही. तो भपकेबाज कपडे घालतो आणि जिवलग मित्राशी तुटक बोलतो. ती पानं मला मालिकेतली सर्वांत दुःखद पानं वाटतात. या धोक्यांवर गेटाफिक्सच्या कढईत औषध नाही. दर वेळी गावाला आपला शहाणपणा आपणच शोधावा लागतो.

या मालिकेच्या उणिवा झाकून ठेवणं मला मान्य नाही. समुद्रचाच्यांच्या जहाजावरचा कृष्णवर्णीय टेहळ्या जाड ओठांचा आणि 'र' गाळून बोलणारा दाखवला आहे. तो मूळ एका दुसऱ्या चित्रकथेतल्या पात्राचं विडंबन असला, तरी विडंबनाने वसाहतवादी नजर धुतली जात नाही. गावातल्या बायकांच्या वाट्याला बराच काळ भांडण आणि लाटणं एवढंच आलं. रक्ताच्या अभिमानाच्या मर्मावर बोट ठेवणारे दोघे इथे आपल्या काळाच्या पलीकडे पाहू शकले नाहीत. स्वतः उदेर्झो यांनी नंतर एकट्याने लिहिलेल्या पुस्तकांमध्ये चित्रांची चमक टिकली. गोसिनींची समाजाकडे बघण्याची नजर मात्र क्वचितच दिसते. गोसिनी ५ नोव्हेंबर १९७७ रोजी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी गेले, आणि ती जागा बराच काळ रिकामीच राहिली.

२०२३मध्ये फाब्कारो यांनी लिहिलेलं आणि दिदिए कोंराद यांनी चितारलेलं 'व्हाइट आयरिस' आलं, तेव्हा मला ती नजर पुन्हा जाणवली. त्यात सीझर गावात पाठवतो तो एक मृदू बोलणारा, सकारात्मक विचारांचे धडे देणारा वैद्य. गावकरी भांडणं थांबवतात, एकमेकांची स्तुती करू लागतात, आणि लढण्याची इच्छा गोड शब्दांत विरघळत जाते. फाब्कारो यांना गोसिनींचं सूत्र नेमकं सापडलं आहे : या गावाला जिंकायचं तर त्याला आधी कशावरही रागावता येऊ नये, अशी तजवीज करावी लागते.