अपरा विद्येचा सोपान

काव्यपुरुषाने साहित्यविद्येचे पाणिग्रहण विदर्भातील वत्सगुल्म नगरीत केले, अशी कथा राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. विद्येच्या विवाहाचा मान ज्या गावाला एका महापंडिताने दिला, त्याच्या जिल्ह्यातील बारावी झालेल्या मुलापुढे अग्निशमन दलातील नेतृत्व, जर्मन भाषा आणि हवामानशास्त्र असे तीन अभ्यासक्रम आज कोणी मांडले, तर घरची वडीलधारी मंडळी प्रथम नोकरीचे विचारतील. आणि ते रास्तच आहे, कारण १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला, कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर जगणारा आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा मुलूख पोटाचा विचार बाजूला ठेवू शकत नाही. परंतु ज्या जिल्ह्यात कारंज्याला श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येतात, तेथे आणखी एक प्रश्न माणसाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. ही पोटाची विद्या झाली. हिचा आत्म्याशी काही संबंध आहे काय? मला त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे.

असे विषय एका छपराखाली शिकविणाऱ्या अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा आरंभ १९०१ साली जोलिएट येथे झाला. गावाजवळ असावे, फी परवडावी, आदल्या परीक्षेतील गुणांचा बाऊ नसावा आणि शिकलेले हातात उतरावे, एवढेच त्यांचे तत्त्व. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही ती कल्पना उचलली.

आपल्याकडे मुंडकोपनिषदाने विद्येचे परा आणि अपरा असे दोन भाग केले, आणि तेव्हापासून अपरा म्हणजे हलकी, अशी एक समजूत रूढ झाली. अपरा विद्येच्या यादीत मुंडकाने चारही वेद आणि व्याकरणासह सहाही वेदांगे घातली आहेत, हे मात्र ही समजूत बाळगणारे सहसा सांगत नाहीत. त्याहून बोलका पुरावा छांदोग्याच्या सातव्या अध्यायात आहे. नारद सनत्कुमारांकडे शिष्य म्हणून जातो आणि आपण काय काय शिकलो त्याची जंत्री देतो: वेद, इतिहास-पुराणे, गणित, क्षात्रविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. एवढे शिकूनही शोक सुटत नाही, ही त्याची तक्रार. सनत्कुमार त्याला म्हणतात की हे सारे नाममात्र आहे. येथे आपले प्रवचनकार थांबतात आणि लौकिक विद्येची निष्फळता सांगून मोकळे होतात. परंतु सनत्कुमार स्वतः तेथे थांबलेले नाहीत. नामाचीही उपासना कर, असे सांगून ते शिष्याला एकेक पायरी वर नेतात, आणि त्या सोपानावर वाणी आहे, अन्न आहे, जल आहे, तेज आहे, आकाश आहे. पाऊस नीट न पडला म्हणजे अन्न कमी होईल या काळजीने प्राणी कसे खंगतात, आणि उष्म्याने वारा व आकाश तापले की लोक पावसाची अटकळ कशी बांधतात, याचे निरीक्षण ब्रह्मविद्येच्या त्या संवादात, ऐन मध्यावर, आलेले आहे. भूमा नावाच्या परम तत्त्वाकडे जाणारी वाट ऋषीने भाषा, अग्नी आणि हवामान यांना वळसा घालून नेली नाही, ती त्यांच्यामधून नेली, एवढे तरी या संवादावरून मान्य करावे लागेल.

तेजापासून आरंभ करू. कारंज्यासारख्या कापसाच्या पेठेत जिनिंगला लागलेली आग ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असते की वरची ज्वाळा विझली म्हणजे आग विझली असे होत नाही. रुईची गाठ बाहेरून भिजते, आत धुमसत राहते, आणि ती फोडून, पसरून, पुन्हा भिजवावी लागते. शेतात रचलेल्या सोयाबीनच्या सुडीचीही तीच गत. बंबावरील जवानाला हे शिकविता येते. परंतु त्याच्या अधिकाऱ्याला जे शिकावे लागते ते निराळे आहे. त्याने स्वतः पाइप धरावयाचा नसतो; धुरात किती माणसे गेली, केव्हा गेली, त्यांच्या पाठीवरील हवा किती वेळ पुरेल, छप्पर किती तग धरील, याचा हिशेब डोक्यात ठेवून बाहेर उभे राहावयाचे असते, आणि आत कोणाचा तरी संसार जळत असता, दारात घरमालक आक्रोश करीत असता, ‘परत फिरा’ हा हुकूम वेळेवर द्यावयाचा असतो. पराक्रम गाजविण्याची हौस ज्याला आवरता येत नाही तो या जागी आपलीच माणसे मारतो. गीतेने कर्मफलाच्या आसक्तीविषयी जे सांगितले, त्याची याहून कठोर परीक्षा मला दुसरी दिसत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या जवानांना वंदन करावेच. परंतु ज्या विद्येने पुढच्या जवानांचे प्राण वाचतील ती विद्या शिकणे हे त्या वंदनाचेच अंग आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला निघाले आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आले, म्हणजे ही विद्या विदर्भाच्या अंगणात इतकी वर्षे नांदत आहे.

वाणीची पायरी मी थोडक्यात सांगतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, आणि त्यामुळे जर्मनचे नाव तालुक्याच्या गावापर्यंत गेले. मुलगा परदेशी गेला म्हणजे तो मातीला मुकला, असे म्हणणाऱ्यांनी पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाचा इतिहास आठवावा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ज्यांचे तांडे मुलूखच्या मुलूख पालथे घालीत, वाटेत अनेक भाषांशी व्यवहार करीत, त्यांची गोरमाटी घरात जिवंतच राहिली. आणि कारंज्याचे जर्मनीशी नाते काही कालचे नाही. तेथील जैन भांडारांत जपलेल्या अपभ्रंश पोथ्या हिरालाल जैन आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३० नंतरच्या दशकात संपादून छापल्या. त्या भाषेचा अभ्यास जर्मनीत हेर्मान याकोबीने आधीच मांडला होता, आणि लुडविग आल्सडोर्फने अपभ्रंश कवी पुष्पदंताच्या महापुराणातील हरिवंशाचा भाग १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीच्या पूर्वजेविषयी कोणी एक परदेशी माणूस आयुष्य वेचून लिहितो आणि आपण ते वाचू शकत नाही, ही उणीव मला बोचते. परभाषा शिकताना प्रौढ माणूस पुन्हा बालक होतो. जर्मनलाही आपल्यासारखी तीन लिंगे, परंतु कोणते नाम कोणत्या लिंगाचे यात आपला तर्क चालत नाही, दुसऱ्याचे जसे आहे तसे मुकाट पाठ करावे लागते. अहंकार झिजविणारी इतकी निरुपद्रवी साधना दुर्मीळच.

आता आकाश. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी बसले. या खात्याचा डोलारा ज्या क्रियेवर उभा आहे ती अत्यंत साधी आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील पाणी मापनपात्रात ओतावयाचे, पात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीशी आणावयाचा, वाकलेल्या पृष्ठाचा खालचा काठ ज्या रेघेवर असेल तो आकडा नोंदवहीत लिहावयाचा. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहावयाचे. जागा कोरी सोडावयाची नाही, कारण कोऱ्या जागेचा अर्थ कोणी पाहिलेच नाही असा होतो, आणि शून्याचा अर्थ कोणी तरी पाहिले आणि काही नव्हते असा होतो. जेथे पावसाने पाठ फिरविली आहे अशा ऑगस्टात, आपल्याच शेतातील सोयाबीन माना टाकीत असता, वीस दिवस रोज शून्य लिहिणारा माणूस सत्याची उपासना करीत नाही असे कोण म्हणेल?

परंतु खरी कसोटी शून्याची नाही. आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे व मदत यांचा ओघ त्या आकड्यामागून येतो. समजा, पैनगंगेच्या काठचे एक मंडळ आहे. रात्री पाणी पिकात शिरले, कास्तकाराची तूर बसली, आणि सकाळी पात्रात ६३ भरले. नोंद करणारा त्याच गावचा. तीन मिलिमीटर वाढविले तर शेजाऱ्याच्या पदरात चार पैसे पडतील. येथे सत्य आणि करुणा समोरासमोर उभी राहतात, आणि हा पेच कोणत्याही धर्मसभेत मांडण्याच्या योग्यतेचा आहे. यंत्रे आता बहुतेक मंडळांत स्वयंचलित झाली, तरी त्यांची निगा आणि पडताळणी माणसाकडेच असल्यामुळे पेच संपलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे: ६३ च लिहावे. खोटा पाऊस दप्तरात एकदा शिरला की तो तेथेच राहतो. पुढे विम्याचे हप्ते, धरणांची गणिते, पेरणीचे सल्ले त्याच्यावर उभे राहतात, आणि आजच्या दयेची किंमत उद्याचा दुसरा कास्तकार चुकवितो. करुणेने दुसऱ्या दरवाजाने जावे. त्याच माणसाने नोंद पुरी करून तहसील कचेरीत जावे, नुकसान डोळ्यांनी पाहून पंचनामा करा म्हणून अर्ज द्यावा, एका मंडळाला एकच मापक कसा अपुरा पडतो ते पुराव्यानिशी मांडावे. असे करण्यास मोठे बळ लागते, आणि ते बळ ज्या शिक्षणाने येते त्याला मी केवळ धंदेशिक्षण म्हणणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. ज्या जर्मन भाषेत याकोबीसारख्यांनी जैन धर्माचा इतक्या आदराने अभ्यास केला त्याच भाषेतून पुढे मृत्युछावण्यांचे हुकूम सुटले. हवामानाचे ज्ञान बाँबफेकीलाही उपयोगी पडते. मग विद्या ही पायरी कशी? याचे उत्तर ज्या परंपरेच्या पोथ्या कारंज्याने जपल्या तिनेच देऊन ठेवले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांनी आणि शब्दांनी मिळणारे मति आणि श्रुत हे ज्ञानाचे प्रकार प्रमाण मानले आहेत. परंतु दृष्टी सम्यक नसेल तर तीच ज्ञाने विपरीत होतात, असेही तेथे बजावले आहे. ज्ञानाला टाकून दृष्टी येत नाही, आणि दृष्टीवाचून ज्ञान तारत नाही. म्हणून हे विषय शिकविणाऱ्या शाळेत ६३ आणि ६५ चा पेच शिकविला गेला पाहिजे, आणि ‘परत फिरा’ हा हुकूम देण्याचे मनोबलही.

ज्या विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा शाळेत गेले नव्हते. हाती खराटा घेऊन गाव झाडणे आणि रात्री कीर्तनातून मुलांना शिकवा म्हणून विनविणे, यांत त्यांनी कधी उच्चनीच मानले नाही. त्या नावाला स्मरून विद्यापीठाने आणि वाशिम, कारंजा, रिसोड येथील संस्थाचालकांनी या तीन विषयांचे वर्ग जिल्ह्यातच उघडावेत, आणि पालकांनी त्यांत मुलांबरोबर मुलींनाही पाठवावे. नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तेव्हा तेथे शिकावयास गेलेल्या त्या पहिल्याच महिला होत्या.