माणशी दोन बादल्या

माहुलीच्या पायथ्याशी, आसनगाव स्टेशनच्या अंगाला, एक जुनं कौलारू घर होतं. ते बांधलं त्या काळात डोंगरापलीकडे तानसा धरणाचं काम चाललं होतं. धरण १८९२ साली पुरं झालं. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि परसात विहीर. मुलं शहराकडे गेल्यावर घरच्या काकूंनी पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत नाव नोंदवलं आणि दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या.

पाहुणे यायचे ते बागेसाठी. दारात सोनचाफा, कडेने मोगरा आणि अबोली, मागे शेवगा नि फणस. पण खरी बघावी अशी गोष्ट न्हाणीमागे होती : दगड लावून केलेला वीतभर रुंदीचा पाट. आंघोळीचं पाणी आधी कर्दळीत शिरायचं, तिथून अळूत, अळूतून केळीच्या आळ्यात. कपड्यांच्या साबणाचं पाणी काकू तिकडे कधी सोडत नसत. ऐन उन्हाळ्यात ते परस हिरवं राहायचं ते एवढ्यावर.

एप्रिल संपता संपता घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधलं कुटुंब राहायला आलं. नवरा-बायको आणि सहावीतला मुलगा. खोली दाखवताना काकू म्हणाल्या, "दादा, पाण्याचे दिवस नाहीत. आंघोळीला माणशी दोन बादल्या घ्या."

गृहस्थ तडकले. "काकू, आम्ही पूर्ण पैसे भरलेत."

काकू वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बरं," म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. पंप सुरू होता. तिघांनी मनसोक्त आंघोळी केल्या, संध्याकाळी गृहस्थांनी गाडीही धुतली.

पहाटे कप्पीच्या करकरीने मुलाला जाग आली. तो पडवीत आला. विहिरीवर वरच्या पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि काकू स्वतः पोहरा ओढत होत्या. प्रत्येकीला दोन हंडे, असा त्या घराचा जुना रिवाज. शेवटच्या बाईचा एक हंडा भरला आणि पुढचा पोहरा गाळ घेऊन वर आला. ती काही बोलली नाही, चुंबळ डोक्यावर ठेवू लागली.

"थांब गं," म्हणत काकू आत गेल्या. स्वयंपाकाचा भरलेला हंडा कमरेवर घेऊन आल्या आणि तिच्या हंड्यात रिकामा केला.

"आजी, विहीर संपली?" मुलाने विचारलं.

"संपत नाही रे. रात्रभर झरा भरतो तेवढंच सकाळी मिळतं. काल थोडं जास्त उपसलं गेलं."

"कोणी उपसलं?"

"चल, अळू कापायचंय," काकू म्हणाल्या.

न्याहारीला घावन होते आणि परसातल्या अळूच्या वड्या. मुलाने पाहिलेलं सगळं आईबाबांना सांगितलं आणि मग काकूंकडे वळला. "आजी, आमच्या घरी पाणी कुठून येतं?"

"ठाण्याला ना? भातसाचं येतं. आमच्याच तालुक्यातलं."

गृहस्थांचा घास हातातच राहिला. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाणी कमी आलं की टँकर मागवायचा फोन तेच करत. भातसा हे नाव त्यांनी पालिकेच्या पाणीकपातीच्या सूचनेत अनेकदा वाचलं होतं. ते कोणाच्या दारातलं पाणी, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते विहिरीवर उभे होते. "काकू, दोर माझ्याकडे द्या." चार पोहऱ्यांत तळहात सोलवटले. काकूंनी दोर कसा धरायचा ते दाखवलं, पण दोर परत मागितला नाही. त्या सकाळी पाड्यावरच्या शेवटच्या बाईचेही दोन्ही हंडे भरले. गृहस्थांनी एका बादलीत आंघोळ उरकली, आणि पाट केरकचऱ्याने कुठे तुंबलाय का, ते बघायला मुलाला पाठवलं.

तानसा, मोडकसागर, भातसा ही सगळी धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांच्या पाण्यावर मुंबई जगते, भातसाचं पाणी ठाण्यालाही मिळतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. सुट्टीत तिकडे राहायला जाल, तर विहिरीवर सकाळी कोण कोण येतं ते आधी विचारा. बादली मग भरा.